स्प्रिंग बसली, आता गोळ्या सांभाळा

बाबू, तुझ्या वडिलांची, आमच्या दाजींची अँजिओप्लास्टी झाली, स्प्रिंग बसली, ते घरी आले आणि आता बाजेवर बसून सोयाबीनचा भाव विचारायलेत म्हणे. फार चांगलं झालं. पण नांदेडच्या डॉक्टरांचं काम जिथं संपलं तिथून तुझं आणि अक्काचं सुरू होतं, म्हणून हे लिहून पाठवतोय. जन्मभर सरकारी दवाखान्याच्या खिडकीमागं बसून गोळ्या मोजल्या. मी काही डॉक्टर नाही. कोणती गोळी बदलायची, किती ताकदीची द्यायची, यात मी तोंड घालणार नाही. पण दिलेली गोळी घरात गेल्यावर तिचं पुढं काय होतं, हे खिडकीमागच्या माणसाला चांगलं कळतं. तेवढंच सांगतो.

आपल्या भागात एकेकाळी अँजिओप्लास्टी म्हणजे शेत विकायचं काम होतं. 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं नांदेड होतं. पुढं 2017 साली तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्रानं स्टेंटच्या, म्हणजे या स्प्रिंगच्या, किमती बांधल्या: साधा 7,260 रुपये, औषध लावलेला 29,600. त्याआधी औषधवाला लाखाच्याही वर जायचा. त्यामुळं स्प्रिंग इस्लापूरपर्यंत आली, सहस्रकुंडाच्या अलीकडच्या-पलीकडच्या तांड्यांवर आणि गोंड-कोलामांच्या पाड्यांवरही आली. तिच्यामागून लागणारी रोजची गोळी मात्र अजून नीट आलेली नाही. माणूस फुकटात वाचतो आणि पुढच्या पोळ्याला गोळ्या बंद करून बसलेला असतो. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर: "आता बरं वाटायलंय, मग काहून खायच्या?"

तर पहिला मंत्र हाच. या गोळ्या बरं वाटण्यासाठी नसतात. डोकं दुखलं, गोळी घेतली, थांबलं, असा हिशेब इथं लागत नाही. काही घडू नये म्हणून ही गोळी घ्यायची. ती लागू पडली तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडत नाही म्हणून माणसाला वाटतं की ती उगाच चाललीय. हे दाजींना एकदा शांतपणे बसून सांग. ओरडून सांगू नकोस, ते ऐकणार नाहीत.

स्प्रिंगचंही जरा समजून घे. जाळीची नळी अरुंद जागी बसवून रक्ताची वाट उघडी केली एवढंच तिचं काम. 1977 साली झुरिचमध्ये ग्रुंट्झिग नावाच्या डॉक्टरनं पहिल्यांदा हृदयाची रक्तवाहिनी फुग्यानं उघडली, तेव्हा तर जाळीही नव्हती. मग जाळी आली, पण शरीर तिला जखम समजून आतून पेशी वाढवायचं, आणि साध्या जाळीत चार-पाच जणांतल्या एकाची वाट काही महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची. त्यावर उपाय म्हणून जाळीलाच औषध लावलं. त्यातलं पहिलं मोठं औषध सिरोलिमस. ते ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून निघालं, आणि ते शोधणाऱ्यांत प्रमुख होता आपल्या फाळणीआधीच्या पंजाबात जन्मलेला सुरेन सहगल. कंपनीनं काम गुंडाळलं तेव्हा त्यानं ते जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले होते. असली हट्टी माणसं मला फार आवडतात. दाजींच्या जाळीवरही बहुधा त्याच घराण्यातलं औषध असेल. कार्डावर लिहिलेलं असतं, बघून घे.

पण या औषधाची दुसरी बाजू अशी की ते पेशी वाढू देत नाही, म्हणून जाळीवर आतलं नाजूक अस्तर चढायलाही वेळ लागतो. तोवर उघड्या धातूवर रक्त गोठायचा धोका असतो. त्यासाठी रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या जोडीनं दिलेल्या आहेत. एक ॲस्पिरिन, बहुतेक 75 ची. दुसरी क्लोपिडोग्रेल, नाहीतर टिकाग्रेलॉर. अटॅकनंतर स्टेंट बसला असेल तर ही जोडी साधारण वर्षभर चालते; रक्तस्रावाचा धोका असेल तर डॉक्टर ती आधीही आटोपतात. पुढं ॲस्पिरिन बहुधा कायमची. ही जोडी आपल्या मनानं तोडणं म्हणजे जाळीत गुठळी ओढवून घेणं, आणि जाळीतली गुठळी दुसरी संधी फार कमी जणांना देते. टिकाग्रेलॉर असेल तर ती दिवसातून दोनदा असते, संध्याकाळची विसरते. काही जणांना तिनं थोडा दम लागल्यासारखं होतं. ते डॉक्टरांना सांगायचं, गोळी फेकायची नाही.

इथं दात आडवा येतो. दाढ दुखली, दातवाला म्हणाला "रक्त पातळ व्हायची गोळी आठ दिवस बंद करा", आणि माणूस घरी येऊन दोन्ही बंद करतो. दाजींनी दाढ काढायची असो, मोतीबिंदू असो की मूळव्याध, ज्यांनी स्टेंट टाकला त्यांना आधी फोन. बहुतेक वेळा दाढ ॲस्पिरिन चालू ठेवून काढता येते. डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या पानावर स्टेंट बसवल्याची तारीख लाल पेनानं मोठी लिही आणि दोन झेरॉक्स काढून ठेव. एक घरात, एक दाजींच्या पिशवीत.

पोटात जळजळ होते म्हणून सोबत ॲसिडिटीची गोळी दिली असेल. क्लोपिडोग्रेल चालू असताना दुकानदार हाताला येईल ती ॲसिडिटीची गोळी देतो आणि ती बऱ्याचदा ओमेप्राझोल असते. ती क्लोपिडोग्रेलचा जोर कमी करते. पँटोप्राझोल लिहून दिली असेल तर तीच मागायची. नाव वाचता येत नसेल तर रिकामं पाकीट दाखवायचं.

आता ज्याच्यावर मला जास्त बोलायचंय ती गोळी. चरबीची गोळी म्हणतात तिला. ॲटोरव्हास्टॅटिन नाहीतर रोसुव्हास्टॅटिन. लोकांना वाटतं नळाच्या पाइपात क्षार साचतो तशी रक्तवाहिनीत चरबी साचते आणि स्प्रिंगनं ती साफ केली. तसं नाही. चरबी साचते भिंतीच्या आत, कातडीखाली गळू धरावं तशी. एक गळू नांदेडला दाबून बसवलं. बाकीची हृदयात, मेंदूकडं जाणाऱ्या नसांत, पायांत कुठं किती आहेत हे कोणीच मोजलेलं नाही, आणि अटॅक पुष्कळदा अशाच लहान, न अडवणाऱ्या गळवाच्या फुटण्यानं येतो. ती गळवं शांत ठेवते ही गोळी. स्प्रिंग एका जागेला, गोळी साऱ्या अंगाला.

ही आली कुठून, तेही सांगतो, कारण शोधणारा शेतकऱ्याचा पोरगा. जपानच्या उत्तरेकडच्या अकिता भागातला अकिरा एंडो. त्यानं सहा हजारांवर बुरश्या तपासल्या, आणि शेवटी तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत चरबी कमी करणारं द्रव्य सापडलं. पुढं 1994 साली युरोपातल्या उत्तरेकडच्या देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. हृदयविकाराच्या 4,444 रुग्णांपैकी निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना दिसायला तशीच पण बिनऔषधाची गोळी. पाच वर्षांच्या वर लक्ष ठेवलं. बिनऔषधाच्या गोळीवाले 256 दगावले, औषधवाले 182. हा फरक घरात बसून दिसत नाही. हजारो माणसं शेजारी शेजारी उभी करून मोजली तेव्हा दिसला.

या गोळीचा घात दोन गोष्टी करतात. पहिली गोष्ट रिपोर्ट. तीन महिन्यांनी रक्त तपासलं, एलडीएल म्हणजे रक्तातली वाईट चरबी, ते 65 आलं, लॅबच्या कागदावर शेजारी छापलंय "100 पर्यंत नॉर्मल", आणि कोणीतरी म्हणतं, झालं की नॉर्मल, बंद करा. तो छापील आकडा निरोगी माणसाचा. अटॅक येऊन गेलेल्याचं एलडीएल 55 च्या खाली असावं असं भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2024 मध्ये सांगितलंय. आणि ते खाली आलंय ते गोळीमुळंच. गोळी सोडली की काही आठवड्यांत पुन्हा होतं तिथं. गोळीचा डोस पुरेसा असूनही आकडा उतरत नसेल तर डॉक्टर सोबत एझेटिमाइब देतात. त्याच्याही पुढची महिन्या-सहा महिन्यांनी घ्यायची इंजेक्शनं आली आहेत, पण ती आपल्या खिशाच्या बाहेरची. आधी साधी गोळी पूर्ण घेतली जातेय का ते बघ.

दुसरी गोष्ट अंगदुखी. "ही गोळी घेतल्यापासून पिंडऱ्या दुखायलेत" हे मी किती जणांकडून ऐकलं! काहींचं खरंच दुखतं, त्यांना खोटं ठरवू नये. पण लंडनमध्ये एक मजेशीर प्रयोग झाला, 2020 साली छापून आला. दुखतं म्हणून गोळी सोडलेल्या साठ लोकांना वर्षभरात काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी, काही महिने काहीच नाही, असं दिलं आणि रोजचा त्रास लिहायला लावला. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला, त्याच्या नऊ दशांश खोट्या गोळीवरही झाला. म्हणजे त्रास खरा, पण तो बहुतेक गोळी तोंडात टाकण्याचा होता, औषधाचा नव्हता. दाजींचं अंग दुखलं तर आधी आठव, काल कापसाचं गाठोडं कोणी उचललं होतं. दुखणं टिकलं तर डॉक्टर डोस कमी करतात, गोळी बदलतात, एक दिवसाआड देतात. वाटा पुष्कळ आहेत. मात्र मांड्या-दंड खूप दुखून हातापायातली ताकद गेली आणि लघवी काळपट-तांबूस झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. असं फार क्वचित होतं.

बीपीच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात. मेटोप्रोलॉल एकदम तोडायची नाही, नाडी उसळते. रामिप्रिलनं कोरडा खोकला लागला तर खोकल्याच्या बाटल्या पीत बसायचं नाही, सांगायचं, बदलून मिळते. ॲम्लोडिपिननं घोट्यावर सूज येते. बीपीच्या आणि शुगरच्या साध्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, मोठ्या तपासणीला किनवटजवळ गोकुंद्याचं उपजिल्हा रुग्णालय आहे.

आता खेड्यातल्या खऱ्या विषयाकडं येतो: दुखण्याची गोळी. सोयाबीन काढणीत पाठ भरून आली की माणूस पानटपरीवरून किंवा किराणा दुकानातून सुटी गोळी आणतो. रंगीत, बिननावाची, दोन-तीन औषधांची. तिच्यात डायक्लोफेनॅक असतं, कधी आयब्युप्रोफेन. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू असताना ही पोटात गेली की आतून रक्त सुटू शकतं, आणि आयब्युप्रोफेन तर ॲस्पिरिनलाच काम करू देत नाही. शिवाय बीपी चढतं, किडनीला मार बसतो, हृदयालाही ती चांगली नाही. गुडघ्यात इंजेक्शन टोचून एका दिवसात पळायला लावणारे असतात, त्यांच्यापासून दाजींना लांब ठेव. ताप-अंगदुखीला साधी पॅरासिटामॉल, तीही विचारून. शौचास काळीकुट्ट आणि चिकट झाली, उलटीत रक्त दिसलं, किंवा डोक्याला मार लागला, तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. हिरडीतून थोडं रक्त आलं, हातावर निळा डाग पडला, तर घाबरायचं नाही.

गोळ्या घरात ठेवायची रीत. दुकानदाराला पूर्ण पट्टी माग. तो दहातल्या चार कापून देतो आणि नाव-तारखेचा भाग त्याच्याकडच्या तुकड्यावर राहतो. मग घरात कोणती गोळी कोणाची, कधी संपते, काही कळत नाही. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या फडताळात गोळ्या ठेवू नकोस. माठाजवळच्या थंड कोनाड्यात, पण ओलीला लागणार नाहीत अशा डब्यात ठेव. ॲस्पिरिनच्या पाकिटाला आंबूस वास येत असेल तर ती मोडलीय, टाकून दे. आणि जोडगोळ्यांकडं लक्ष ठेव. इकोस्प्रिन एव्ही म्हणजे ॲस्पिरिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन एकत्र. इकोस्प्रिन गोल्डमध्ये त्यात क्लोपिडोग्रेलही. नांदेडच्या चिठ्ठीवर जोडगोळी असेल आणि आदिलाबादच्या डॉक्टरांनी वेगळी ॲटोरव्हास्टॅटिन लिहिली, तर अक्का दोन्ही भरवील, तिचा काय दोष! म्हणून दुसरीकडं दाखवायला जाताना चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्यायच्या.

मी कागदी पाकिटांवर बॉलपेननं सूर्य आणि चंद्र काढून द्यायचो. आपल्याकडं कोणी गोरमाटी बोलतं, कोणी गोंडी, कोणी तेलुगू. सूर्य-चंद्र सगळ्यांना कळतो. अक्कालाही तसंच करून दे. ॲटोरव्हास्टॅटिन-रोसुव्हास्टॅटिन दिवसा घ्या की रात्री, चालतं. रोज एकाच वेळी घेतली की झालं. एक वेळ चुकली तर दुसऱ्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. माहूरला जायचं असो, एकादशी असो, नवरात्र असो, गोळीनं उपास मोडत नाही. ॲस्पिरिनसोबत चार घास फराळाचे खायचे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत मी निघताना सहा महिन्यांच्या गोळ्या बांधून द्यायला सांगायचो, कारण फडावर कोणी चिठ्ठी वाचत नाही.

पैशाचं म्हणशील तर ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोरव्हास्टॅटिन तिन्ही अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत, किमतीवर सरकारची मर्यादा आहे. जनऔषधी दुकानात त्याच औषधाची पट्टी आणखी स्वस्त मिळते. स्वस्त आहे म्हणून हलकी, असं समजू नकोस. नाव औषधाचं जुळलं पाहिजे आणि मिलिग्रॅम जुळले पाहिजेत, डबीवरचा रंग कसाही असो.

काढ्यांचा विषय निघणारच. आलं, लसूण, लिंबू, व्हिनेगर, मध उकळून ब्लॉकेज विरघळतात, असं मोबाइलवर फिरतं. लसूण भाजीत खा, कोण नको म्हणतंय! पैनगंगेच्या काठचा अर्जुनसादडा आपल्या आज्यांनीही वापरला आणि त्याच्या सालीवर आजही अभ्यास चालू आहे. पण गोळीच्या जागी साल चालते असं कोणीही सिद्ध केलेलं नाही. गुग्गुळाची तर अमेरिकेत नीट परीक्षा झाली, 2003 साली. आठ आठवड्यांत एलडीएल उतरायच्या ऐवजी थोडं चढलं. बिनऑपरेशन ब्लॉकेज धुऊन काढतो म्हणत सलाइन लावणारे शहरात आहेत, त्यांच्या पायी काढलेलं कर्ज मी पाहिलंय. दाजींनी साल घेतलीच तर डॉक्टरांपासून लपवू नका.

आणखी एक. शेजारी येऊन म्हणेल, "आम्हालाबी दोन इकोस्प्रिन द्या, अटॅक येऊ नये म्हणून." द्यायच्या नाहीत. ज्याला कधी हृदयाचा त्रास झालेला नाही त्याला रोजच्या ॲस्पिरिननं फायद्याइतकाच रक्तस्रावाचा तोटा होतो, असं 2018 च्या मोठ्या चाचण्यांत दिसलं. त्याचं बीपी आणि शुगर तपासून घ्यायला सांग.

बिडी आणि खर्रा सुटला नाही तर या सगळ्या गोळ्या अर्ध्या ताकदीनं लढतात. आपल्या रानातला तेंदूपत्ता गोळा करून कितीक घरं चालतात, ते मला माहीत आहे. तो विकावा, ओढू नये. दाजी तुझं ऐकणार नाहीत, नातीला बोलायला लाव.

जिभेखालची सॉर्बिट्रेट दिली असेल तर ती बसूनच घ्यायची. उभ्यानं घेतली की बीपी उतरून माणूस कोसळतो. ताकदीच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्या घेतल्या असतील तर सॉर्बिट्रेट अजिबात नाही. हे तुला सांगायला मलाच संकोच वाटतो, पण वडिलांना तूच सांगायचं, अक्काच्या माघारी. छातीत पुन्हा आवळून आलं, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर गॅस झाला म्हणून सोडा पाजत बसू नका. 108 ला फोन करा. अशा वेळी ॲस्पिरिन चावून द्यायची का आणि किती, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून कार्डावर लिहून घे, तेव्हा विचारायला वेळ नसतो. आपल्याकडून नांदेड लांब आहे, रात्री गाडी मिळत नाही. गाडीवाल्या दोघांचे नंबर भिंतीवर लिहून ठेव.

पुढची तपासणी कधी आहे ते मला कळव. जाताना डिस्चार्ज कार्ड, आधीचे रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, तिन्ही एका पिशवीत टाक.